एकाच माणसाच्या हातातला रशिया आणि जगातली त्याची पत

वाटसरू

मंडळी, २१ फेब्रुवारी २०२२ ची क्रेमलिनमधली बैठक ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी शोधून अवश्य पाहावी. भव्य दालनात पुतिन एका टेबलामागे एकटे बसलेत आणि त्यांच्यापासून बऱ्याच अंतरावर त्यांच्या सुरक्षा परिषदेचे सदस्य. युक्रेनमधल्या दोनेत्स्क आणि लुहान्स्क या भागांना स्वतंत्र देश म्हणून मान्यता द्यायची का, यावर एकेकाने पुढे येऊन मत द्यायचे होते. परदेशी हेरखात्याचे प्रमुख सर्गेई नारिश्किन यांची पाळी आली. पश्चिमी देशांना शेवटची एक संधी द्यावी, असे काहीतरी ते बोलू लागले. पुतिन यांनी तिथेच तोडले, "स्पष्ट बोला." नारिश्किन इतके गडबडले की हे भाग रशियात सामील करायला माझा पाठिंबा आहे, असे म्हणून बसले. त्यावर पुतिन म्हणाले, तो विषयच नाही, आपण फक्त मान्यतेबद्दल बोलतोय. हे सगळे सरकारी टीव्हीवर दाखवले गेले. तिसऱ्या दिवशी पहाटे रणगाडे युक्रेनमध्ये शिरले.

राज्यकर्त्याच्या कानावर वाईट बातमी घालणे हे हेरखात्याच्या प्रमुखाचे पहिले काम. तोच माणूस शाळेतल्या पोरासारखा घाबरत असेल, तर 'कीव्ह तीन दिवसांत पडणार नाही' हे पुतिन यांना सांगणार कोण होते? माझा मुद्दा एवढाच आहे. रशियाची आजची अवस्था पैसा, सैन्य किंवा बुद्धी कमी पडल्यामुळे आलेली नाही. 'नाही' म्हणू शकणारी प्रत्येक जागा वीस-बावीस वर्षांत एकेक करून बंद केली गेली, तिचा हा परिणाम आहे.

क्रम पाहा. पुतिन ऑगस्ट १९९९ मध्ये पंतप्रधान, ३१ डिसेंबरला तेव्हाचे अध्यक्ष येल्त्सिन पायउतार झाल्यावर हंगामी अध्यक्ष, मार्च २००० मध्ये निवडून आलेले अध्यक्ष. चेचन्यातल्या युद्धावर टीका करणारी एनटीव्ही ही वाहिनी एप्रिल २००१ मध्ये गाझप्रोम या सरकारी गॅस कंपनीच्या ताब्यात गेली. विरोधी पक्षांना पैसा देणारे तेलसम्राट खोदोरकोव्स्की ऑक्टोबर २००३ मध्ये विमानतळावर पकडले गेले आणि युकोस कंपनीचे तुकडे होऊन मोठा भाग सरकारी रोसनेफ्तकडे आला. सप्टेंबर २००४ मध्ये बेस्लानच्या शाळेत दहशतवाद्यांनी मुले ओलीस धरली, तीनशेहून जास्त माणसे गेली. त्या दुःखाचा आधार घेऊन प्रांतांच्या गव्हर्नरांची थेट निवडणूकच बंद झाली. पुढे ती परत आली, पण इतक्या गाळण्या लावून की क्रेमलिनला नको असलेला माणूस उमेदवार होणेच अवघड. २००६ मध्ये पत्रकार आना पोलित्कोव्स्काया यांची हत्या. २०१५ मध्ये क्रेमलिनच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर विरोधी नेते बोरिस नेम्त्सोव्ह यांच्यावर गोळ्या. २०२० च्या घटनादुरुस्तीने पुतिन यांच्या आधीच्या कारकिर्दी मोजायच्याच नाहीत असे ठरले, म्हणजे २०३६ पर्यंत वाट मोकळी. स्तालिनच्या काळात मारल्या गेलेल्यांच्या नोंदी जपणारी 'मेमोरियल' ही संस्था डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने बंद केली. पुतिन यांचे प्रमुख विरोधक नवाल्नी १६ फेब्रुवारी २०२४ ला आर्क्टिकमधल्या खार्प इथल्या तुरुंगात मरण पावले. पुढच्याच महिन्यात पुतिन ८७ टक्के मतांनी निवडून आले.

प्रत्येक पायरीला त्या त्या वेळी पटेल असे कारण होते. कधी दहशतवाद, कधी लुटारू उद्योगपती, कधी परकीय पैसा. शेवटी उरले ते सिलोविकी, म्हणजे हेरखाते, पोलीस आणि लष्करातून वर आलेली मंडळी. त्यातही जुन्या ओळखीची, बरीचशी सेंट पीटर्सबर्गची.

आता जगातली पत. फेब्रुवारी २००७ मध्ये म्युनिकच्या परिषदेत पुतिन यांनी अमेरिकेच्या एकहाती वर्चस्वावर कडक टीका केली आणि त्यातला बराच भाग जगातल्या पुष्कळ लोकांना पटला होता. त्या वेळी रशिया बड्या आठ देशांच्या जी-८ गटात होता, तेल महाग होते, परदेशी कर्ज मुदतीआधी फेडले जात होते, जर्मनी त्याचा गॅस आनंदाने घेत होती. आज जी-८ मधली जागा गेली. मध्यवर्ती बँकेचे सुमारे ३०० अब्ज डॉलर गोठलेत. ज्या नाटोला दूर ठेवायचे होते तिच्यात एप्रिल २०२३ मध्ये फिनलंड आणि मार्च २०२४ मध्ये स्वीडन आले. आर्मेनियासारखा हक्काचा मित्र दुरावला. सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानने नागोर्नो-काराबाख घेतले, एक लाखाहून जास्त आर्मेनियन घरेदारे सोडून निघाले आणि तिथली रशियन शांतिसेना बघत उभी राहिली. डिसेंबर २०२४ मध्ये रशियाचे मित्र असलेले सीरियाचे अध्यक्ष असद पळून मॉस्कोत आले. दारूगोळा आणि सैनिक उत्तर कोरियाकडून घ्यावे लागले.

अण्वस्त्रे आहेत, साडेपाच हजारांच्या आसपास, जगात सर्वांत जास्त. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेतला नकाराधिकार आहे. गहू निर्यातीत पहिला क्रमांक आहे. म्हणून रशियाला कोणी डावलू शकत नाही. पण भीतीपोटी आणि गरजेपोटी मिळणारा मान हाच आता त्याच्याकडे उरलाय, असे माझे मत आहे. वेगळे मत असलेल्यांनी जरूर लिहावे.

जुनाजाणता

लेख अभ्यासपूर्ण आहे, पण सुरुवात सोयीच्या ठिकाणाहून केलीत. १९९९ पासून का? १९९३ पासून करा की.

ऑक्टोबर १९९३ मध्ये येल्त्सिन यांनी स्वतःच्या संसदेवर रणगाड्यांतून तोफा डागल्या. इमारत काळी पडली, शंभराहून जास्त माणसे मेली. डिसेंबरमध्ये नवी घटना आली, तिने अध्यक्षाला अफाट अधिकार दिले. पुतिन आजही त्याच घटनेवर बसलेत. तेव्हा वॉशिंग्टनमधून निषेध आला नाही, पाठिंबा आला. १९९६ च्या निवडणुकीआधी मूठभर बँकवाल्यांना सरकारी तेल आणि निकेल कंपन्या कवडीमोलाने दिल्या गेल्या. ऑगस्ट १९९८ मध्ये सरकारने कर्ज बुडवले, रुबल कोसळला, लोकांच्या आयुष्यभराच्या ठेवी गेल्या. त्या दशकात रशियन पुरुषाचे सरासरी आयुर्मान साठीच्या खाली गेले होते. लोकशाही या शब्दाशी त्या लोकांची ही ओळख. त्यांनी पगार आणि पेन्शन वेळेवर देणारा माणूस स्वीकारला, तर आपण मुंबई-पुण्यात बसून नाक मुरडू नये.

दुसरे, नाटो. १९९९ मध्ये पोलंड, हंगेरी, चेक. २००४ मध्ये बाल्टिक देशांसह आणखी सात. २००८ मध्ये बुखारेस्टला जाहीर केले की युक्रेन आणि जॉर्जियाही पुढेमागे येतील. सर्बियावर १९९९ मध्ये बॉम्बफेक सुरक्षा परिषदेला न विचारता झाली. इराकचे २००३ सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा कुणाचे ३०० अब्ज गोठले?

आणि रशिया एकटा पडला असे म्हणता, ते युरोपच्या खिडकीतून. मार्च २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाच्या आक्रमणाविरुद्ध ठराव आला तेव्हा १४१ बाजूने, ५ विरोधात, पण ३५ तटस्थ. त्या ३५ मध्ये भारत आणि चीन. लोकसंख्येने मोजा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मॉस्कोत आपल्या अण्णाभाऊ साठ्यांचा पुतळा उभा राहिला. मैत्री अशी एका युद्धाने पुसली जात नाही.

मांडवीतीर

जुनाजाणता, तुमच्या शेवटच्या मुद्द्याला गोव्याहून पुस्ती जोडते.

१८ डिसेंबर १९६१ ला आपले सैन्य गोव्यात शिरले आणि त्याच दिवशी सुरक्षा परिषदेत पोर्तुगालने तक्रार नेली. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानचा ठराव होता की भारताने लगेच सैन्य मागे घ्यावे. सोव्हिएत प्रतिनिधी झोरिन यांनी तो नकाराधिकाराने पाडला. साडेचारशे वर्षांची वसाहत होती ती, आणि लोकशाहीचे धडे देणारे देश पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या बाजूने उभे होते. आमच्याकडच्या जुन्या पिढीने हे कधी विसरले नाही. विसरावे असेही मला वाटत नाही.

तरी मला वाटसरूंचा लेख पटला. त्या दिवशी आपल्याला पाठिंबा मिळाला तो कशासाठी? एका मोठ्या साम्राज्याने दुसऱ्याच्या भूमीवर 'ही आमचीच' म्हणून हक्क सांगू नये, यासाठी. सालाझार गोव्याला वसाहत म्हणतच नव्हता, पोर्तुगालचा सागरापलीकडचा प्रांत म्हणत होता. जुलै २०२१ मध्ये पुतिन यांनी रशियन आणि युक्रेनियन हे एकच लोक आहेत असा लांबलचक लेख लिहिला. तो वाचताना मला सालाझारच आठवत होता. गोवेकराने तरी हे ओळखायला हवे.

ओझरवाला

मैत्रीचा हिशेब मांडताना एक गोष्ट सगळे विसरतात. १९६१ मध्ये आणि १९७१ मध्ये जो आपल्या पाठीशी उभा होता तो सोव्हिएत संघ. त्यात युक्रेनही होता.

आमच्या नाशिकजवळ ओझरला एचएएलमध्ये आधी मिग बनले, नंतर सुखोई-३०. ते रशियन, मान्य. पण हवाई दलाची एएन-३२ मालवाहू विमाने कीव्हच्या अँटोनोव्हची. नौदलाच्या जुन्या राजपूत वर्गाच्या विनाशिका बांधल्या गेल्या मिकोलाइव्हमध्ये, म्हणजे युक्रेनमध्ये. आयएनएस विक्रमादित्य या विमानवाहू नौकेचा मूळ सांगाडाही त्याच शहरातला. तलवार वर्गाच्या फ्रिगेटना लागणारी गॅस टर्बाइन मिकोलाइव्हच्या झोर्या कारखान्याची. २०१४ मध्ये रशियाने युक्रेनचा क्रिमिया घेतल्यावर युक्रेनने ती रशियाला देणे बंद केले, आणि कालिनिनग्राडच्या गोदीत जहाजे इंजिनांविना अडकली. शेवटी आपण ती टर्बाइन युक्रेनकडून स्वतः विकत घेऊन रशियाला पोचवली, तेव्हा तुषिल आणि तमाल ही जहाजे पुरी झाली. त्याच मालिकेतली त्रिपुट गोवा शिपयार्डमध्ये जुलै २०२४ मध्ये पाण्यात उतरली.

म्हणजे क्रिमिया घेण्याचा निर्णय एका माणसाने घेतला आणि त्याची झळ आपल्या नौदलाला बसली. एस-४०० या हवाई संरक्षण क्षेपणास्त्रांचे तसेच. २०१८ मध्ये पाच रेजिमेंटचा करार झाला, तीन आल्या, उरलेल्या युद्धामुळे मागे पडल्या. आपला संरक्षण पुरवठादार स्वतःच लढाईत गुंतला की त्याच्या कारखान्यात आपला नंबर शेवटचा लागतो.

विक्रमादित्यची किंमतही ध्यानात ठेवा. करार २००४ मध्ये सुमारे ९७ कोटी डॉलरचा, मिळाली २०१३ मध्ये सुमारे २३५ कोटींना. दोस्तीखात्यात कुणी सूट दिली नव्हती.

उत्तरध्रुव

फिनलंडमध्ये राहतो, म्हणून दोन शब्द.

जुनाजाणता म्हणतात नाटो रशियाकडे सरकली. फिनलंडपुरते तरी हे उलट आहे. या देशाने दुसऱ्या महायुद्धानंतर जवळपास ऐंशी वर्षे शेजाऱ्याला चिडवायचे नाही हेच धोरण ठेवले. १९४८ चा मैत्री करार पाळला, मॉस्कोला रुचणार नाही असे काही बोलायचे टाळले. नाटोत जावे असे म्हणणारे लोक कायम अल्पमतात होते. २४ फेब्रुवारी २०२२ नंतर काही आठवड्यांत लोकमत फिरले आणि राजकारणी लोकांच्या मागून गेले. अमेरिकेने हाताला धरून ओढत नेले नाही.

रशियाची नाटोबरोबरची जमिनीवरची सीमा फिनलंडमुळे जवळपास दुप्पट झाली, १,३०० किलोमीटरहून जास्त भर पडली. पूर्वेकडची फाटके २०२३ च्या अखेरीपासून बंद आहेत. सीमेजवळची गावे रशियन पर्यटक आणि खरेदीदारांवर जगत होती, त्यांची दुकाने ओस पडली. इथल्या कुणालाही त्याचा आनंद नाही.

हिशेबनीस

जुनाजाणता, निर्बंध लावले की रशिया कोसळेल हे भाकीत चुकले, हे आधीच मान्य करतो. २०२३ आणि २०२४ मध्ये अर्थव्यवस्था वाढली. एल्विरा नबीउलिना यांच्या मध्यवर्ती बँकेने पहिल्या आठवड्यांत व्याजदर २० टक्क्यांवर नेऊन रुबल सावरला, ते काम अव्वल दर्जाचे होते.

पण वाढ कशातून झाली ते पाहा. रणगाडे, तोफगोळे, आणि लढायला जाणाऱ्यांना दिलेल्या भल्यामोठ्या रकमा. गरीब प्रांतातल्या घरात एका सहीवर जेवढे पैसे येतात तेवढे तिथे कित्येक वर्षांच्या नोकरीत मिळत नाहीत. त्यातून महागाई आली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये व्याजदर २१ टक्क्यांवर गेला. त्या दराने कर्ज काढून कुणी साबणाचा कारखाना टाकत नाही.

गाझप्रोमला २०२३ मध्ये वीसेक वर्षांत पहिल्यांदा वर्षाचा तोटा झाला, ६०० अब्ज रुबलहून मोठा. युरोप हे जगातले सर्वांत चांगले गिऱ्हाईक होते, नळ टाकलेले होते, पैसे रोख होते. ते घालवल्यावर उरला चीन. चिनी लोक घासाघीस करताना कुणाच्या ऐतिहासिक महानतेचा विचार करत नाहीत. सैबेरियातून मंगोलियामार्गे जाणारी दुसरी मोठी वाहिनी रशियाला हवी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये पुतिन बीजिंगला गेले तेव्हा तिच्या सामंजस्य करारावर सह्या झाल्या, पण गॅसचा भाव तेव्हाही ठरला नाही. एक देश दुसऱ्यावर किती अवलंबून आहे हे समजायला हे एक उदाहरण पुरे.

आपल्याबाबत सांगायचे तर युद्धाआधी आपल्या तेल आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आत होता, तो पुढे एक तृतीयांशावर गेला. स्वस्त मिळाले म्हणून घेतले, ते देशहिताचेच होते. पण रुपयात पैसे घेऊन रशियाला त्याचे करायचे काय हेच कळेना. मे २०२३ मध्ये बाणावलीला शांघाय सहकार्य संघटनेची बैठक होती, तिथे लावरोव्ह यांनी उघडच सांगितले की अब्जावधी रुपये भारतीय बँकांत पडून आहेत आणि ते आम्हाला वापरता येत नाहीत. महासत्तेच्या परराष्ट्रमंत्र्याला हे जाहीरपणे सांगावे लागते.

जुनाजाणता

ओझरवाला, टर्बाइनची माहिती मोलाची. उत्तरध्रुव, फिनलंडचे मान्य करतो, तो निर्णय त्यांच्या लोकांचा होता.

पण वाटसरू, तुम्ही इराक आणि सर्बियाबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. आणि एक सरळ प्रश्न: एवढे सगळे वाईट असेल तर रशियन लोक उठत का नाहीत?

वाटसरू

इराकबद्दल स्पष्टच लिहितो. २००३ चे आक्रमण बेकायदा होते आणि त्याची शिक्षा कुणाला झाली नाही हा जगाच्या न्यायावरचा कलंक आहे. पण त्याच वेळी लंडनमध्ये लाखो लोक रस्त्यावर उतरले, ब्रिटिश मंत्रिमंडळातून रॉबिन कुक यांनी राजीनामा दिला आणि भर संसदेत त्याची कारणे सांगितली. पुढे चौकशी झाली, अहवाल छापून आला. बुश गेले, ब्लेअर गेले. त्याने मेलेली इराकी माणसे परत आली नाहीत. तरीही चूक झाल्यावर ती चूक म्हणण्याची सोय देशात असणे आणि नसणे यात मला फार मोठा फरक दिसतो.

लोक उठत का नाहीत? मॉस्कोच्या एका प्रभागातले नगरसेवक अलेक्सेई गोरिनोव्ह. मार्च २०२२ मध्ये प्रभाग समितीच्या बैठकीत मुलांच्या चित्रकला स्पर्धेचा विषय होता. युक्रेनमध्ये मुले मरत असताना आपण इथे स्पर्धा कसल्या घेतोय, असे ते म्हणाले. सात वर्षांची शिक्षा झाली, वय साठीच्या पुढे, फुप्फुसाचा आजार असताना. साध्या प्रभाग समितीतले एक वाक्य! सैन्याबद्दल 'खोटी माहिती' दिली म्हणून पंधरा वर्षांपर्यंत तुरुंग, असा कायदा आक्रमणानंतर आठवडाभरात आला होता. सप्टेंबर २०२२ मध्ये तीन लाखांची सैन्यभरती जाहीर झाली तेव्हा लाखो तरुण जॉर्जिया आणि कझाकस्तानच्या सीमेवर रांगा लावून उभे राहिले. त्यांनी विरोध केला तो देश सोडून. नवाल्नींच्या अंत्यविधीला हजारो लोक आले, आपला चेहरा कॅमेऱ्यात टिपला जातोय हे माहीत असूनही. या लोकांना भेकड म्हणायला माझी जीभ वळणार नाही.

मांडवीतीर

पुतिन यांच्यानंतर काय? इथे कुणीच बोलले नाही.

वाटसरू

कागदावर उत्तर सोपे आहे. घटनेनुसार पंतप्रधान हंगामी अध्यक्ष होतात, म्हणजे आज मिशुस्तिन, आणि तीन महिन्यांत निवडणूक.

प्रत्यक्षात काय होऊ शकते याची चुणूक २४ जून २०२३ ला दिसली. वॅग्नर या खासगी सैन्याचे प्रमुख प्रिगोझिन बंड करून, आपले भाडोत्री सैनिक घेऊन रोस्तोव्हमध्ये शिरले. तिथले लष्करी मुख्यालय, जिथून युक्रेनचे युद्ध चालवले जात होते, त्यांनी जवळजवळ विनाप्रतिकार घेतले. एक ताफा मॉस्कोच्या दिशेने निघाला. वाटेत हेलिकॉप्टर पाडली, वैमानिक मारले गेले. सरकारी टीव्हीवर रोज पुतिन यांच्यासाठी प्राण द्यायला निघालेल्यांपैकी कुणी रस्त्यावर उतरले नाही. रोस्तोव्हचे लोक बंडखोरांना खाऊपिऊ घालत होते, त्यांच्याबरोबर फोटो काढत होते. बेलारूसच्या लुकाशेंको यांनी मध्यस्थी केली म्हणून निभावले. बरोबर दोन महिन्यांनी, २३ ऑगस्टला, प्रिगोझिन यांचे विमान पडले.

सोव्हिएत काळाशी तुलना केली की मला जास्त काळजी वाटते. ऑक्टोबर १९६४ मध्ये ख्रुश्चेव्ह यांना त्यांच्याच पक्षाच्या वरिष्ठांनी बैठक बोलावून, क्युबापासून शेतीपर्यंतच्या चुकांचा पाढा वाचून, घरी बसवले. गोळी झाडली नाही. पेन्शन दिली. ती हुकूमशाहीच होती, पण तिच्यात नेत्याला हटवू शकणारी एक समिती होती. आज क्रेमलिनमध्ये तशी जागा नाही. २१ फेब्रुवारीच्या त्या दालनात बसलेल्यांपैकी कुणी अशी बैठक बोलावेल का?

जुनाजाणता

हा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. ब्रेझनेव्हच्या काळातही परराष्ट्र धोरण पाच-सहा जण मिळून ठरवत.

तरी माझी भूमिका कायम आहे. भारताने रशियाला सोडू नये. आपण पाठ फिरवली तर तो पूर्णपणे चीनच्या कुशीत जाईल, आणि लडाखमध्ये काही झाले तर मॉस्कोने निदान तटस्थ राहावे यासाठी आपल्याला तिथे दार उघडे लागेल. म्हणून मोदींनी समरकंदला पुतिन यांना 'हे युग युद्धाचे नाही' असे तोंडावर सांगितले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुतिन यांचे दिल्लीत स्वागतही केले. दोन्ही बरोबर.

ओझरवाला

दार उघडे ठेवावे, हे बरोबर. पण रशियन सैन्यात फसवून भरती केलेल्या आपल्या मुलांचे काय? मदतनीसाची नोकरी म्हणून दलालांनी नेले आणि आघाडीवर उभे केले. त्यातले काही मारले गेले. जुलै २०२४ मध्ये पंतप्रधानांनी मॉस्कोत हा विषय काढला, त्यानंतर बरेच जण सुटले. त्यानंतरही नवी प्रकरणे येतच आहेत. मित्रदेशाच्या प्रमुखाने शब्द दिल्यावरही खालची यंत्रणा भरती थांबवत नसेल, तर त्या शब्दाची किंमत कशी ठरवायची, हे जुनाजाणता यांनी सांगावे.

जुनाजाणता

त्याचे समर्थन मी करणार नाही. प्रत्येक मुलगा परत येईपर्यंत दिल्लीने हा विषय लावून धरलाच पाहिजे, तेलाच्या बोलणीतसुद्धा.